प्रतिफलरहित करार

प्रतिफलरहित करार : मोबदला न घेता दिलेल्या वचनातून निर्माण होणारा करार. सर्वसाधारण नियमाप्रमाणे असा करार शून्य असतो, म्हणजे वचन मोडणाऱ्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. तथापि काही ठरावीक परिस्थितीत भारतीय कायदा अशा कराराला संविदेचा दर्जा देतो. या विषयाचा मुख्य आधार म्हणजे १ सप्टेंबर १८७२ रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविदा अधिनियमाचे २५ वे कलम होय. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झालेले असल्यामुळे सातारा जिल्ह्याला हा अधिनियम प्रारंभापासून लागू झाला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर असल्याने तेथे तो आपोआप लागू होत नव्हता. विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व संस्थानी प्रदेश मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा बनला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. २५ व्या कलमातील एका अपवादाचा या मुलखाच्या कर्जबाजारीपणाच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. किंबहुना तो अपवाद केवळ अधिनियमाच्या शब्दांवरून समजत नाही, त्या इतिहासावरून समजतो.

प्रतिफल म्हणजे काय, हे अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात सांगितले आहे. वचनदात्याच्या इच्छेवरून वचनग्राहीने किंवा अन्य कोणी एखादी गोष्ट केली असेल वा करण्याचे टाळले असेल, तो ती करीत असेल वा टाळीत असेल, अथवा तसे करण्याचे वचन देत असेल, तर ती कृती, ते टाळणे किंवा ते वचन यास प्रतिफल म्हणतात. ही व्याख्या इंग्लंडमधील नियमापेक्षा बरीच विस्तृत आहे. इंग्लिश कायद्यात प्रतिफल वचनग्राहीकडूनच यावे लागते आणि पूर्वी होऊन गेलेली कृती सामान्यतः प्रतिफल ठरत नाही. भारतात तिऱ्हाइताकडून आलेले व वचनापूर्वीचेही प्रतिफल चालते. प्रतिफल पुरेसे असले पाहिजे, असेही बंधन नाही. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचा करार, विकणाऱ्याची संमती मोकळी असेल, तर वैध ठरतो. मात्र किंमत फारच अपुरी असल्यास संमती खरोखर मोकळी होती काय, हे ठरविताना न्यायालय त्या अपुरेपणाचा विचार करू शकते.

इंग्लंडमध्ये मोबदला नसलेले वचनही बंधनकारक करण्याचा एक मार्ग फार जुन्या काळापासून उपलब्ध होता. वचन मुद्रांकित लेखाच्या स्वरूपात दिले, की प्रतिफलाची चौकशी होत नसे. भारतीय अधिनियमाने मुद्रेचा हा नियम स्वीकारला नाही. त्याऐवजी कोणत्या प्रकारची वचने मोबदल्याविना बंधनकारक मानावयाची हे ठरवून दिले आणि त्यांपैकी दोन प्रकारांत लेखाची अट घातली. विचारपूर्वक लिहून दिलेल्या व सही केलेल्या वचनाने देणाऱ्याचे अविचारापासून रक्षण होते, अशी यामागील कल्पना आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती बरोबर आहे.

मोबदला नसलेले वचन पाळले पाहिजे काय, हा प्रश्न भारतात इंग्रजी कायद्याबरोबर आला असे नाही. स्मृतिकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे मानली, त्यांत देऊ केलेल्या वा दिलेल्या दानासंबंधीचे पद आहे. नारदस्मृतीत त्यास दत्ताप्रदानिक असे नाव आहे. काय देता येते व काय देता येत नाही, कोणते दान परत घेता येते आणि कोणते येत नाही, याचा विचार त्यात येतो. भय, क्रोध, वेड किंवा नशा यांच्या अंमलाखाली दिलेले दान न दिल्यासारखे मानले आहे. धर्मकार्यासाठी दिलेला शब्द हा ऋणासारखा मानण्याकडे धर्मशास्त्राचा कल होता. या विषयावरील वचने सातारा जिल्ह्यातील वाई येथील प्राज्ञपाठशाळेने लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९३७ पासून प्रसिद्ध केलेल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडात एकत्र पाहावयास मिळतात. १८७२ च्या अधिनियमाने मात्र हा वारसा घेतला नाही. धर्मादायासाठी दिलेल्या वचनाला त्यात वेगळे स्थान नाही.

कलम २५ मधील पहिला अपवाद नैसर्गिक प्रेमापोटी दिलेल्या वचनाचा आहे. करार लेखी असला पाहिजे, त्याची त्या त्या काळच्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणी झाली पाहिजे, उभय पक्ष एकमेकांचे जवळचे नातलग असले पाहिजेत आणि वचन नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा यांतून दिलेले असले पाहिजे. जवळचे नातलग कोण, याची व्याख्या अधिनियमात नाही. नाते आहे म्हणून प्रेम असलेच पाहिजे असेही न्यायालये गृहीत धरीत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयापुढे १८९९ मध्ये आलेल्या एका प्रकरणात एका भावाने दुसऱ्यावर मिळकतीच्या हिश्श्यासाठी दावा लावला होता. मिळकत वडिलार्जित नाही अशी शपथ प्रतिवादी भावाने घेतल्यावर दावा निकालात निघाला. त्यानंतर समेट व्हावा म्हणून त्याच भावाने निम्मी मिळकत देण्याचे नोंदलेल्या लेखाने कबूल केले आणि पुढे ते नाकारले. भावाशी पुन्हा सख्य व्हावे ही इच्छाच नैसर्गिक प्रेमाची निदर्शक आहे, असे म्हणून न्यायालयाने करार बंधनकारक ठरविला. पुढच्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयापुढील प्रकरणात एका पतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पोटगी व राहण्याची जागा देण्याचे नोंदलेल्या लेखाने मान्य केले होते. परंतु लेखातच भांडणांचा उल्लेख असल्यामुळे तेथे प्रेमाचा लवलेश नाही असे ठरून पत्नीचा दावा फेटाळला गेला. हे दोन निर्णय एकमेकांशी जुळविणे कठीण आहे. भांडण दोन्हीकडे होते. एका न्यायालयाने ते मिटविण्याच्या इच्छेकडे पाहिले, तर दुसऱ्याने त्यामुळे पडलेल्या अंतराकडे. मुंबईचा निर्णय माणसांच्या व्यवहाराला अधिक धरून आहे, असे म्हणावे लागते.

बक्षीसपत्राशी या अपवादाची गल्लत होऊ नये. प्रत्यक्ष देऊन टाकलेल्या दानाला कलम २५ ची आडकाठी नाही, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. स्थावर मिळकतीच्या दानाला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे नोंदलेला व दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला लेख लागतो, पण नाते लागत नाही. कृष्णाकाठच्या बागायती गावांत बहिणीने भावांच्या लाभात करून दिलेले हक्कसोडपत्र हा नित्याचा दस्त आहे. त्यात बहुधा मोबदला नसतो व तो प्रेमापोटी करून दिल्याचे लिहिलेले असते. असा दस्त म्हणजे भविष्यकाळातील वचन नव्हे. त्याने हक्क तत्काळ सुटतो. त्याच्या वैधतेचा वाद निघाल्यास प्रश्न प्रतिफलाचा राहत नाही, संमतीचा राहतो. दस्त बहिणीला वाचून दाखविला होता काय, तिच्यावर गैरवाजवी दडपण आले होते काय, हे पाहावे लागते. उलट, ‘तुझा हिस्सा पुढे देईन’ असे भावाने बहिणीला केवळ तोंडी सांगितले असेल आणि त्याबदली तिने काहीही केले वा सोडले नसेल, तर ते वचन पहिल्या अपवादात बसत नाही.

दुसरा अपवाद पूर्वी झालेल्या उपकाराच्या भरपाईचा. एखाद्याने वचनदात्यासाठी स्वेच्छेने काही केले असेल, अथवा जे करण्याची वचनदात्यावर कायदेशीर सक्ती होती ते त्याच्याऐवजी केले असेल, तर त्याची पूर्णतः वा अंशतः भरपाई करण्याचे वचन बंधनकारक होते. येथे लेखाची अट नाही. कृष्णेला पूर आला असता सांगलीतील एखाद्याने गावी नसलेल्या शेजाऱ्याची गुरे न सांगता उंचावर नेऊन आठवडाभर पोसली आणि शेजाऱ्याने परत आल्यावर वैरणीचा खर्च देण्याचे कबूल केले, तर हे तोंडी वचनही पाळावे लागते. शेजाऱ्याने विनंती केली असती, तर तीच कृती प्रतिफल ठरली असती आणि अपवादाची गरजच पडली नसती. दुसऱ्याच्या अज्ञान मुलाचे पालनपोषण करणाऱ्याला बापाने खर्च देण्याचे वचन देणे, हे या अपवादाच्या उत्तरार्धाचे उदाहरण अधिनियमानेच दिले आहे. कृती झाली तेव्हा वचनदाता अज्ञान असल्यास अडचण येते. अज्ञानाच्या सांगण्यावरून सुरू झालेली व तो सज्ञान झाल्यावरही चालू राहिलेली सेवा ही त्याच्या नंतरच्या वचनाला पुरेसे प्रतिफल होते, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८९५ मध्ये ठरविले.

तिसरा अपवाद मुदतबाह्य कर्जाचा. कर्ज वसूल करण्याची मुदत संपली की ऋणकोवर दावा लावता येत नाही. कर्ज मात्र नष्ट होत नाही, त्याची वसुली तेवढी थांबते. असे कर्ज पूर्णतः किंवा अंशतः फेडण्याचे वचन ऋणकोने अथवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीने लेखी व सहीनिशी दिले, तर नवा मोबदला नसतानाही ते बंधनकारक होते आणि त्या वचनापासून नवी मुदत सुरू होते. कर्ज मुदतबाह्य झाले आहे हे वचन देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, अशी अट कलमाच्या शब्दांत नाही. नोंदणीचीही अट नाही.

या अपवादाचे खरे स्वरूप कळण्यासाठी १८७२ च्या मागेपुढे सातारा, पुणे, अहमदनगर व सोलापूर या दख्खनच्या जिल्ह्यांत काय चालले होते हे पाहिले पाहिजे. मुंबई इलाख्यात १८२७ च्या विनियमानुसार कर्जाच्या दाव्याची मुदत १२ वर्षांची होती. १८५५ मध्ये व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठविण्यात आली आणि १८५९ च्या मुदतीच्या अधिनियमाने साध्या रोख्यावरील दाव्याची मुदत ३ वर्षांवर आणली. जुनी कर्जे उकरून काढून शेतकऱ्याला छळता येऊ नये हा मुदत कमी करण्यामागील हेतू होता. परिणाम नेमका उलट झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून मुद्दल व थकलेले व्याज यांची बेरीज करी आणि तेवढ्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई. कुळाने नकार दिल्यास दावा, जप्ती आणि कारागृह यांचे भय होते. दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतलेल्या १०० रुपयांचा रोखा तीन वर्षांनी १७२ रुपयांचा होई, सहा वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचा व नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचा. या अवधीत कुळाच्या हाती नवा एक पैसाही पडलेला नसे. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही हा हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात मान्य होता. परंतु रोखा नवा झाला की मागील व्याजही मुद्दलात जमा होई, त्यामुळे त्या नियमाचा बांध प्रत्येक तीन वर्षांनी फुटे.

मुदत संपण्यापूर्वी लिहून दिलेल्या नव्या रोख्याला कायद्याच्या दृष्टीने प्रतिफल असते, कारण जुना रोखा रद्द होतो व सावकार तूर्त दावा करीत नाही. मुदत उलटून गेल्यावर लिहिलेल्या रोख्याला ते नसते, कारण जो दावा लावताच येत नाही तो न लावण्याला मोल नाही. १८७२ च्या अधिनियमाने तिसऱ्या अपवादाद्वारे ही दुसरी फटही बुजविली. तारीख चुकली तरी सही मिळाली की सावकाराचे काम भागू लागले. विधिकर्त्यांच्या मते सही ही ऋणकोची ढाल होती. दख्खनच्या खेड्यात रोखा सावकाराच्या ओळखीचा लेखक लिही, साक्षीदार त्याच्याच बैठकीतील असत आणि निरक्षर कुणबी लेखाखाली नांगराची निशाणी करी. वरच्या ओळींत काय लिहिले आहे हे त्याला ऐकून घ्यावे लागे. तेथे लेखी वचनाची अट पुरी होई. ज्या हेतूने ती घातली होती तो मात्र पुरा होत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेले दंगे या परिस्थितीतून उद्‌भवले. दंगेखोरांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे, खाती व हुकूमनामे हाती लागले की ते जाळून किंवा फाडून जमाव बहुधा परते. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंग्यांचा जोर अधिक होता. सातारा जिल्हा बव्हंशी शांत राहिला, तरी सप्टेंबर १८७५ मध्ये जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, वारणेच्या खोऱ्यातील कुकरूड येथे गावकऱ्यांनी एका सावकाराच्या घरावर चाल करून त्याचे कागद नष्ट केले. हे गाव आता सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने तीन वर्षांची मुदत व तिच्यामुळे वारंवार फिरविले जाणारे रोखे हे असंतोषाचे एक प्रमुख कारण असल्याचे नमूद केले.

त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम करण्यात आला. प्रतिफलाच्या दृष्टीने त्यातील तरतुदी लक्षणीय आहेत. शेतकऱ्यावरील दाव्यात न्यायालयाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या प्रारंभापर्यंत मागे जावे, शेतकऱ्याने हरकत घेतली नसली तरी स्वतःहून चौकशी करावी, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत, मुद्दलात घातलेले व्याज सामान्यतः वगळून साधे व्याज धरावे, असे त्यात सांगितले होते. पक्षांनी मध्यंतरी हिशेब मिटविला असला किंवा चक्रवाढ व्याज कबूल केले असले, तरी न्यायालय त्याने बांधलेले नव्हते. शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा लेख ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, त्यात प्रतिफल पूर्णपणे नमूद व्हावे आणि नवा लेख जुन्याच्या जागी होत असेल तर जुना हजर करून त्याचा उल्लेख करावा, अशीही योजना होती. दाव्याची मुदत वाढवून ग्रामनिबंधकाने नोंदलेल्या लेखाला १२ वर्षे व इतरांना ६ वर्षे अशी करण्यात आली, म्हणजे रोखा फिरविण्याची निकड कमी व्हावी. संविदा अधिनियम वचनाखालची सही पाहून थांबत होता. १८७९ चा अधिनियम त्या सहीमागे खरोखर किती रुपये गेले हे विचारीत होता. सातारा जिल्ह्यात हे दोन्ही अधिनियम एकाच वेळी लागू होते आणि कूळ शेतकरी आहे की नाही या एका मुद्द्यावर दाव्याचा निकाल फिरे. या अधिनियमाखालील कामाची तपासणी करणाऱ्या विशेष न्यायाधीशाच्या पदावर, मुंबई उच्च न्यायालयात १८९३ मध्ये नियुक्ती होण्यापूर्वी, महादेव गोविंद रानडे यांनी काम केले होते. अधिनियमातून पळवाटाही निघाल्या. कर्जरोख्याऐवजी सावकार जमिनीचे खरेदीखत लिहून घेऊ लागले, तेव्हा ते वस्तुतः गहाण आहे असे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा शेतकऱ्याला पुढील दुरुस्तीने द्यावी लागली. १९३९ आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांतात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचे स्वतंत्र अधिनियम झाले व १८७९ चा अधिनियम मागे पडला. कलम २५ मधील तिसरा अपवाद मात्र आजही मूळ शब्दांत कायम आहे.

न्यायालयांनी त्याचा अर्थ लावताना काही प्रमाणात सावधगिरी दाखविली आहे. कर्जाची नुसती कबुली आणि ते फेडण्याचे वचन या दोन भिन्न गोष्टी मानल्या जातात. मुदत संपण्यापूर्वी दिलेली लेखी व सहीची कबुली मुदतीचा अधिनियम, १९६३ च्या १८ व्या कलमाखाली नवी मुदत सुरू करते. तेथे वचनाचे शब्द लागत नाहीत. मुदत संपल्यावर मात्र कबुलीचा उपयोग नाही, वचनच लागते. व्यापाऱ्याच्या खात्यात ‘बाकी देणे’ अशा अर्थाची नोंद करून खाली सही घेतली, तर ती कबुली होते, कलम २५ मधील वचन होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८८४ च्या सुमारास दिला आहे. दुसऱ्या बाजूने, मुदतबाह्य कर्जासाठी ऋणकोने दिलेला धनादेश हे लेखी व सहीचे वचनच होय आणि तो न वटल्यास फौजदारी कारवाईही होऊ शकते, असे मत याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये व्यक्त केले. कर्ज देताना सहीचा कोरा धनादेश घेऊन ठेवण्याची प्रथा लक्षात घेता या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. नांगराच्या निशाणीची जागा आता कोऱ्या धनादेशावरील सहीने घेतली आहे. मात्र वचन ऋणकोने त्या कर्जासाठी जाणून दिलेले असावे लागते. घेणेकऱ्याने परस्पर तारीख व रक्कम भरली असल्यास वचन दिलेच नव्हते असा बचाव खुला राहतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी करणाऱ्याला कर्जवसुलीचा हुकूमनामा मिळत नाही, हीदेखील ऋणकोची एक संरक्षक भिंत आहे. वडिलांचे कर्ज फेडणे हे हिंदू पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानून त्या आधारे होणारी वसुली हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने त्यापुढील कर्जांपुरती बंद झाली. तथापि मुलाने स्वतः लेखी वचन दिल्यास ते त्याचे स्वतःचे वचन ठरते व त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

कलम २५ च्या बाहेरही काही व्यवहारांना प्रतिफल लागत नाही. एखाद्याला मुखत्यार नेमण्यासाठी मोबदल्याची गरज नाही. फुकट सांभाळण्यासाठी ठेवलेल्या वस्तूची, उदा., सांगलीजवळील हरिपूर येथील पेवात मित्रत्वाने साठवू दिलेल्या हळदीची, वाजवी काळजी सांभाळणाऱ्याने घेतलीच पाहिजे. धनकोने आपण होऊन कर्जाचा काही भाग सोडून दिला, तर ६३ व्या कलमाप्रमाणे ती सूट बंधनकारक असते. शंभरांपैकी चाळीस रुपये घेऊन सावकाराने खाते चुकते झाल्याचे मान्य केले, तर उरलेले साठ त्याला पुन्हा मागता येत नाहीत. इंग्लंडमध्ये १८८४ च्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या निर्णयामुळे स्थिती याच्या उलट आहे. जामीनदाराच्या बाबतीत नेहमी गैरसमज होतो. सहकारी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याला स्वतःला काही मिळत नाही, म्हणून त्याचे वचन प्रतिफलरहित आहे असे वाटते; परंतु १२७ व्या कलमानुसार मुख्य ऋणकोला दिलेले कर्ज हेच जामीनदाराच्या वचनाचे प्रतिफल होय. कर्ज आधीच दिलेले असून नंतर कोणी नुसता जामीन राहिला, तर मात्र ते वचन शून्य असते.

वर्गणीचे वचन हा या विषयातील वारंवार उद्‌भवणारा प्रश्न. सातारा व सांगली भागातील अनेक शाळा, वसतिगृहे आणि वाचनालये लोकवर्गणीवर उभी राहिली. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापिलेली व १९२४ पासून साताऱ्यात केंद्र असलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. सभेत उभे राहून जाहीर केलेला आकडा हा कायद्याच्या दृष्टीने केवळ संकल्प असतो. मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले ५०० रुपये वसूल करण्याचा दावा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१४ मध्ये फेटाळला, कारण त्या वचनाच्या भरवशावर काहीही करण्यात आले नव्हते. हावडा येथील नगरभवनासाठी १०० रुपयांची वर्गणी मांडून नंतर नाकारणाऱ्याला मात्र कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८६ मध्ये ती देणे भाग पाडले. तेथे वर्गणीदारांच्या आकड्यांवर विसंबून कंत्राटदाराशी बांधकामाचा करार झालेला होता आणि ही गोष्ट वर्गणीदारांना माहीत होती. वसतिगृहाचा पाया खणला गेल्यावर दिलेला शब्द फिरविणे आणि त्यापूर्वी फिरविणे यांत कायदा असा फरक करतो.

वचनावर विसंबून दुसऱ्याने आपली परिस्थिती बदलली, तर वचन देणाऱ्याला ते नाकारू देऊ नये, या तत्त्वास वचननिष्ठ प्रतिष्टंभ असे म्हणतात. त्याचा पाया प्रतिफल नसून विसंबणे हा आहे. इंग्लंडमध्ये १९४७ च्या एका निर्णयाने त्याला नवे रूप मिळाले. मुंबईतील एका जुन्या व्यवहारात मात्र तो विचार आधीपासून गुंतलेला होता. मुंबई सरकारने १८६५ मध्ये मंडईसाठी जागा बिनभाड्याने देण्याचा ठराव केला. नगरपालिकेने जुन्या मंडया सोडून त्या जागेवर सुमारे १७ लाख रुपये खर्च केले आणि आज महात्मा जोतीबा फुले मंडई या नावाने ओळखली जाणारी वास्तू उभी राहिली. विधिवत दानपत्र झालेच नव्हते. सुमारे पाऊणशे वर्षांनी जिल्हाधिकाऱ्याने जागेवर सारा आकारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बहुमताने पालिकेच्या बाजूने निर्णय दिला. बहुमताचा मुख्य आधार प्रदीर्घ वहिवाटीचा होता. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी मात्र सरकारला आपला शब्द नाकारता येणार नाही, या कारणावर भर दिला. उद्योगांना सात वर्षे जकातमाफी देण्याचे कबूल करून ते मोडणाऱ्या उल्हासनगर नगरपरिषदेला सार्वजनिक संस्था म्हणून सुटका नाही, असे १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. करमाफीच्या आश्वासनावर विसंबून कारखाना उभारणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात, उत्तर प्रदेश शासनाविरुद्ध, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात या तत्त्वाच्या आधारे स्वतंत्र दावाही लावता येतो, केवळ बचावासाठीच ते नाही, हे स्पष्ट करण्यात आले. विधानमंडळाच्या अधिकाराविरुद्ध किंवा कायद्याने मनाई केलेल्या गोष्टीसाठी त्याचा आधार घेता येत नाही आणि सार्वजनिक हिताचे निकडीचे कारण दाखविल्यास शासनाला त्यातून मुक्तता मिळू शकते. हे तत्त्व संविदा अधिनियमात नव्या कलमाच्या रूपाने घालावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८४ मध्ये आपल्या १०८ व्या अहवालात केली. परंतु तसे कलम अधिनियमात आलेले नाही आणि हा भाग अद्याप न्यायनिर्णयांवरच आधारलेला आहे.